भोंग्याच्या जागी कोण बसलं होतं?

१

सोमवारी सकाळी नेत्रपेढीचं थंड कपाट उघडलं, तेव्हा आतून गार हवा अंगावर यायच्या ऐवजी कोमट हवा आली. आत दान आलेली बुबुळं ठेवलेली होती, प्रत्येक बुबुळ आपापल्या बाटलीत. एकही वापरण्यासारखं उरलं नव्हतं. ज्यांच्या डोळ्यांवर ती बसवायची होती त्या माणसांना फोन गेले की आज येऊ नका, आणि का येऊ नका हे सांगायला मात्र कुणाची जीभ उचलेना.

आता असं काही झालं की हॉस्पिटलासारख्या ठिकाणी पहिला प्रश्न ‘कसं झालं’ असा नसतो, ‘कुणाच्या गळ्यात घालायचं’ असा असतो. गळा शोधायला फार वेळ लागला नाही. रविवारी दुपारी कपाटाची मोटर बंद पडली होती. कपाट तापलं की कर्कश भोंगा वाजवायचं काम एका प्रोग्रॅमकडे होतं, आणि त्या प्रोग्रॅमच्या नोंदीत स्वच्छ लिहिलं होतं: ‘कपाट तापलं. भोंगा वाजला: ठीक.’ त्या वेळी खोलीत ड्यूटीवर होते ते भाऊ. भाऊ म्हणजे पेढीतले जुने तंत्रज्ञ. त्यांना सगळं हॉस्पिटल भाऊच म्हणायचं. ते म्हणाले, भोंगा वाजला नाही. नोंद म्हणत होती, वाजला. यंत्र कशाला खोटं बोलेल, असं सगळ्यांनी एकमेकांना विचारलं आणि एकमेकांना पटवूनही दिलं.

त्यात एक गोष्ट अशी होती की लोकांना दया दाखवायचीही सोय झाली. त्याच आठवड्यात भाऊंची आई गेली होती. भाऊंनी तिचे डोळे पेढीला दिले होते, आणि तापलेल्या कपाटात तिच्याही बाटल्या होत्या. घरी बसवेना म्हणून ते रविवारी आपण होऊन ड्यूटीवर आले होते. झोप नाही, रडून दमलेला माणूस, लागला असेल डोळा, असं मोठे डॉक्टर मान हलवत म्हणाले. शुक्रवारी समितीपुढे भाऊंनी ‘मला झोप लागली’ एवढं कबूल करायचं, त्यांना सामानाच्या कोठारात पाठवायचं आणि प्रकरण मिटवायचं, असं ठरलं. भाऊंचा मेहुणासुद्धा त्यांना हेच समजावत होता की बाबा, नोकरी तरी राहील.

फक्त नियमाप्रमाणे प्रोग्रॅम बाहेरच्या माणसाकडून तपासून घ्यायला लागतो. म्हणून बाईंना बोलावलं. बाई प्रोग्रॅम तपासायच्या. त्यांना तोंडावर सगळे मॅडम म्हणायचे आणि पाठीमागे खडूस, आणि हे त्यांना ठाऊक होतं, आणि त्यांना ते आवडायचंही. मोठे डॉक्टर त्यांना म्हणाले की तसं सगळं स्पष्टच आहे, तुम्ही नुसती नजर टाका. नुसती नजर टाकायला बोलावणाऱ्यांचा बाईंना मनापासून तिटकारा होता.

“भोंगा वाजला म्हणता,” त्या म्हणाल्या, “मग बंद कुणी केला?”

हा भोंगा आपला आपण थांबणारा नव्हता. त्याचं बटण माणसानंच दाबावं लागायचं, नाहीतर तो सोमवारी सकाळपर्यंत बोंबलत राहिला असता. डॉक्टरांनी थोडा विचार केला आणि सांगितलं की भाऊंनी झोपेतच बटण दाबलं असेल.

म्हणजे हा माणूस भोंग्यानं उठला नाही, पण भोंगा बंद करायला उठला. इतकी शिकलेली माणसं इतकं निर्बुद्ध बोलू शकतात याचं बाईंना आता आश्चर्यही वाटेनासं झालं होतं. त्यांनी भाऊंना बोलवायला सांगितलं.

२

भाऊ आले आणि आधीच हरल्यासारखे बसले. बाईंना रडक्या माणसांची चीड होती, पण भाऊ रडत नव्हते. ते नीट उत्तरं देत होते. रविवारी ते कपाटाकडे पाठ करून टेबलाशी बसले होते. समोर पडदा होता, आणि पडद्यावर कपाटासाठी एकच ठिपका. सगळं ठीक असेल तर हिरवा, नाहीतर लाल. दिवसभर हिरवाच होता.

तापमानाचा आकडा कुठे असतो, असं बाईंनी विचारलं. भाऊ म्हणाले की पूर्वी दिसायचा, मग प्रोग्रॅम बनवणाऱ्या कंपनीनं काढून टाकला. आकड्यांनी माणसं घाबरतात म्हणे.

“घाबरावं म्हणूनच असतो तो,” बाई म्हणाल्या.

भोंग्यावर नेहमी भरवसा ठेवता येतो का, हेही त्यांनी विचारलं. भाऊंनी सांगितलं की भोंगा चांगला आहे, गेल्या वर्षी तेवढा बिघडला होता आणि दुरुस्तीला गेला होता. तो परत येईपर्यंत सगळे आळीपाळीनं कपाटाशी बसायचे. प्रोग्रॅम मात्र तेव्हाही सुरळीत चालला होता. त्या दिवसांत मशीन रोज सकाळी बंद-चालू करायचे, कधी तक्रार आली नाही.

मग भाऊ हात मांडीवर ठेवून खाली बघत म्हणाले, “मॅडम, पहिल्या दिवशी मी छातीठोक सांगत होतो की मी जागा होतो. आता इतक्या जणांनी सांगितलं की मलाच वाटायला लागलंय, लागली असेल झोप. आईच्या वेळी मी झोपलो असेन, तर कोठारात काय आणि कुठे काय.”

बाईंना एकदम राग आला, आणि तो भाऊंवर नव्हता. माणसाची नोकरी काढून घेणं एक वेळ ठीक. त्याची स्वतःची आठवण त्याच्याकडून काढून घ्यायची म्हणजे हद्द झाली. त्यांनी भाऊंना सांगितलं की समितीपुढे जाईपर्यंत कुणालाही काहीही कबूल करायचं नाही, मेहुण्याला तर नाहीच.

मग बाई पेढीच्या खोलीत गेल्या. भिंती नव्या रंगवलेल्या होत्या, वास अजून गेला नव्हता. भोंग्याच्या कडेनं चिकटपट्टीचा एक तुकडा राहून गेला होता. बाईंनी रंगाऱ्याला शोधून काढलं. तो जिन्यात रंग ढवळत होता. त्यानं कसलेही आढेवेढे न घेता सांगितलं की शनिवारी भिंतीला रंग मारला, भोंग्यावर कागद लावला, आणि ओली भिंत आणि वीज एकत्र नको म्हणून कपाटामागची त्याची पिन काढून ठेवली. सोमवारी सकाळी येऊन कागद काढला, पिन लावली. तेव्हा तिथे बरीच गर्दी होती, पण त्याला कुणी काही विचारलं नाही, म्हणून तो गेला.

रविवारी भोंग्याला वीजच नव्हती. भाऊंनी भोंग्यावरचा कागद पाहिला होता, पण कपाटामागची पिन त्यांना दिसायचं कारण नव्हतं. बाईंना वाटलं, संपलं प्रकरण. इतकं सोपं होतं आणि इतक्या डोक्यांना सुचलं नाही. पण ही खुशी त्यांना कंपनीच्या दारापर्यंतच पुरली.

३

कंपनीच्या स्वागतकक्षात शिरल्याबरोबर समोर एक छोटं थंड कपाट मांडलं होतं, पाहुण्यांना दाखवायला. त्याच्या पडद्यावर हिरवा ठिपका. वर भिंतभर मोठा फलक, त्यावर ठसठशीत अक्षरांत: ‘आमचा प्रोग्रॅम आजवर एकदाही पडलेला नाही.’ पडलेला नाही म्हणजे मध्येच चूक होऊन बंद पडलेला नाही. बाईंना अशा फलकांची फार वर्षांची ओळख होती. जो माणूस कधीच आजारी पडलो नाही म्हणतो तो एकतर खोटारडा असतो, नाहीतर डॉक्टरकडे गेलेला नसतो.

कंपनीचे मालक म्हणजे साहेब. गोड बोलायचे, समोरच्याच्या नावापुढे दोनदा ‘जी’ लावायचे. प्रोग्रॅमचा मुख्य कर्ता साहेबांचा मेहुणा. तो तत्त्वांखेरीज दुसरं बोलायचा नाही, म्हणून ऑफिसात त्याला महर्षी म्हणत. सुरुवातीला कुणीतरी चेष्टेनं म्हटलं असणार, पण त्याला ती चेष्टा कळलीच नव्हती. तिसरी एक शांत बाई होती. भोंग्याचा भाग तिनं लिहिला होता, म्हणून ती भोंगेवाली.

बाईंनी पिनेचं सांगितलं. साहेब हळहळले, रंगाऱ्याबद्दल वाईट वाटून. बिचारा, म्हणाले, दिवसांत गोंधळ झाला असेल त्याचा. महर्षींनी तर थेट प्रात्यक्षिकच करून दाखवलं. त्यांच्या टेबलावर हॉस्पिटलातल्यासारखंच मशीन होतं, त्यावर हॉस्पिटलातलाच प्रोग्रॅम. त्यांनी भोंग्याची पिन काढली आणि मशीन नव्यानं चालू केलं. पडदा लालभडक झाला, ‘भोंगा सापडत नाही’ असं आलं आणि प्रोग्रॅम बंद पडला.

“बघा,” महर्षी म्हणाले. “रविवारी सकाळी हॉस्पिटलात विजेची चाचणी होती, मशीन नव्यानं चालू झालं. पिन निघालेली असती तर हे असं झालं असतं. झालं नाही. म्हणजे पिन लागलेली होती. भोंगा वाजला.”

मग त्यांनी भोंग्याचा कोड उघडला, बाईंनी मागायच्या आधीच. भोंगेवालीनं लिहिलेला तो भाग बाईंनी ओळन् ओळ वाचला. कपाट तापलं की हुकूम जातो: ‘भोंगा, वाज.’ भोंगा वाजतो, वाजल्याचं सांगतो, नोंद होते. त्यात खोट काढायला तिळाएवढी जागा नव्हती. बाईंनी तसं म्हटल्यावर भोंगेवालीचा चेहरा उजळला. साहेबांनी चहा मागवला.

बाई चहाला थांबल्या नाहीत. कोड बरोबर, नोंद बरोबर, पिन लागलेली. मग रंगारी खोटा, भाऊ झोपलेले आणि भोंगा झोपेत बंद केलेला. चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायची तर इतकी सुबक तयारी क्वचितच पाहायला मिळते. आणि त्या तयारीत खोट कुठे आहे ते बाईंना दिसत नव्हतं. आयुष्यात फार कमी वेळा त्यांना स्वतःचाच इतका राग आला होता.

४

गुरुवारची सकाळ बाईंनी घरात येरझाऱ्या घालण्यात घालवली. महर्षींचं प्रात्यक्षिक त्यांच्या डोक्यातून जात नव्हतं. पिन काढली, पडदा लाल झाला, प्रोग्रॅम पडला. छानच झालं. मशीन चालू होताना भोंगा सापडला नाही तर तसंच व्हायला हवं.

चालता चालता त्या थांबल्या.

गेल्या वर्षी भोंगा दुरुस्तीला गेला होता. नुसती पिन निघाली नव्हती, भिंतीवर भोंगाच नव्हता. मशीन रोज सकाळी नव्यानं चालू होत होतं. महर्षींनी दाखवलेला प्रोग्रॅम असता तर रोज सकाळी पडदा लालभडक झाला असता. पण भाऊ म्हणाले की कधी तक्रार आली नाही. आणि भाऊंचं सोडा, खुद्द साहेबांनी भिंतभर लिहून ठेवलं होतं की प्रोग्रॅम आजवर एकदाही पडलेला नाही.

दोन्ही गोष्टी खऱ्या असूच शकत नव्हत्या. एकतर फलक खोटा, नाहीतर त्यांना दाखवलेला प्रोग्रॅम हॉस्पिटलात चालत होता तो नव्हता. फलकाला भाऊंची साक्ष होती. प्रोग्रॅमला फक्त महर्षींची. आणि महर्षींनी तो न मागता उघडून दाखवला होता. ताकाला जाऊन भांडं पुढे करणारा माणूस बाईंना तेव्हाच खटकायला हवा होता.

मग खऱ्या प्रोग्रॅममध्ये काय होतं? कोड तर म्हणतो ‘भोंगा, वाज.’ बाईंनी ते वाक्य मनाशी परत म्हटलं, आणि मग त्यांना कळलं की आपण सगळ्यांसारखं त्या हुकमाकडेच बघत बसलो. हुकूम कुणाला जातो ते कुणी पाहिलंच नव्हतं.

ज्यांना हे काम माहीत नाही त्यांच्यासाठी सांगायला हवं. अशा प्रोग्रॅममध्ये भोंगा ही एक जागा असते, घरातल्या कर्त्याच्या जागेसारखी. त्या जागेवर बसायचा हक्क भोंग्याच्या सगळ्या वारसांना असतो. हाक घराण्याच्या नावानं मारायची आणि त्या घडीला जो बसला असेल त्यानं आपल्या पद्धतीनं ओ द्यायची. भिंतीवरचा भोंगा बसला असेल तर तो किंचाळतो. जिथे आवाज चालत नाही तिथे दिवा बसवतात, तो लुकलुकतो. हाक मारणाऱ्याला याचा पत्ता नसतो आणि असायचं कारणही नाही. म्हणून हाक कितीही शुद्ध लिहिलेली असो, रविवारी त्या जागेवर बसलं कोण होतं हे तिच्यावरून कळणार नव्हतं. सगळ्यांनी बापाची पत्रिका तपासली होती, ओ पोरानं दिली होती.

बाईंनी भोंगेवालीला बाहेर बागेत बोलावलं आणि एकच विचारलं. “तुमच्या भोंग्याचे वारस किती?”

“आता दोन आहेत,” भोंगेवाली म्हणाली.

“आता,” बाई म्हणाल्या. “आणि आधी?”

भोंगेवालीनं ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, आणि मग सांगून टाकलं. तिसरा होता. त्याचं नाव मौनी. प्रदर्शनातल्या स्टॉलवर भोंग्यानं त्रास होऊ नये म्हणून महर्षींनीच तो कधीकाळी लिहिला होता. त्याला ‘वाज’ म्हटलं की तो काहीच करायचा नाही, आणि ‘वाजलो, ठीक’ असं कळवायचा. सोमवारी दुपारपासून तो कोडमध्ये नाही. सोमवारी महर्षी हॉस्पिटलात गेले, मशीन नव्यानं चालू केलं, परत आले आणि दार लावून बसले. संध्याकाळपर्यंत सगळ्याच गिऱ्हाइकांकडचा प्रोग्रॅम त्यांनी बदलला होता. जुनी प्रत कुठे उरली असेल असं तिला वाटत नव्हतं.

बाईंनी विचारलं की हे इतके दिवस बोलला का नाहीत. भोंगेवाली म्हणाली की तिच्या भागात चूक निघाली नाही, मग तिला वाटलं की आपलं झालं.

आपलं झालं. बाईंना महर्षी परवडले असं वाटलं. निदान त्यांनी काहीतरी केलं तरी होतं. ही बाई सगळं माहीत असून मूग गिळून बसली, आणि कशासाठी, तर स्वतःची पाटी कोरी आहे एवढं बघून तिला बरं वाटलं म्हणून. बाईंनी तिला हे असंच्या असं तोंडावर सांगितलं आणि ती रडायला लागल्यावर रुमालही दिला नाही.

पण जुनी प्रत उरली नसेल तर हातात काय होतं? एका घाबरट बाईचा शब्द, एका रंगाऱ्याचा शब्द आणि भिंतीवरचा एक फलक. समिती दुसऱ्या दिवशी होती. बाईंनी मोठ्या डॉक्टरांना फोन लावला आणि सांगितलं की समिती हॉस्पिटलात भरवू नका, कंपनीच्या स्वागतकक्षात भरवा. भाऊंना घेऊन या. आणि बरोबर एका थर्मासमध्ये उकळतं पाणी आणा.

५

शुक्रवारी स्वागतकक्षात सगळे खुर्च्या मांडून बसले. मोठे डॉक्टर नाराज होते, साहेब आदरातिथ्य करत होते, महर्षी फलकाखाली हाताची घडी घालून उभे होते. भाऊ कोपऱ्यात होते आणि मेहुणा त्यांच्या कानाशी लागला होता.

बाईंनी पाहुण्यांसाठी मांडलेलं ते छोटं कपाट सगळ्यांना नीट बघायला सांगितलं. त्याच्या वर भोंगा बसवलेला होता, अगदी हॉस्पिटलातल्यासारखा. त्याची वायर खाली लोंबत होती. पिन कशातच नव्हती. आल्यागेल्याला त्रास नको म्हणून ती पहिल्यापासून काढलेलीच असते, हे स्वागतकक्षातल्या मुलीनं बाईंना आदल्या दिवशीच सांगितलं होतं.

“महर्षी,” बाई म्हणाल्या, “तुमच्या म्हणण्याप्रमाणे पिन नसेल तर प्रोग्रॅम पडतो. हा का चाललाय?”

महर्षींनी हाताची घडी सोडली. सोमवारी त्यांनी एकूण एक गिऱ्हाइकाचा प्रोग्रॅम बदलला होता. पण आपल्या दारातलं कपाट कुणाचं गिऱ्हाईक नव्हतं, म्हणून ते त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं. ते पुढे यायला निघाले तेव्हा बाईंनी आपली खुर्ची मध्ये सरकवली.

त्यांनी थर्मासचं झाकण उघडलं आणि कपाटातली तापमान मोजणारी कांडी उकळत्या पाण्यात बुडवली. सगळे पडद्याकडे बघत राहिले. ठिपका क्षणभर लाल झाला आणि लगेच पुन्हा हिरवा. खाली नोंद उमटली: ‘कपाट तापलं. भोंगा वाजला: ठीक.’

मोठ्या डॉक्टरांनी नोंद वाचली, लोंबणारी पिन पाहिली, परत नोंद वाचली. साहेबांनी घसा साफ केला.

मग बाईंनी सगळं सांगितलं. यंत्राला भोंगा सापडला नाही की प्रोग्रॅम चूक झाली म्हणून ओरडतो, आणि त्यानं ओरडावं हीच त्याची इमानदारी. ती ओरड कुणीतरी झेलायची आणि माणसाला सांगायची असते. या कंपनीत ती झेलून गिळायची पद्धत होती, कारण प्रोग्रॅम पडला तर भिंतीवरचा फलक खोटा पडला असता. म्हणून महर्षींनी लिहून ठेवलं होतं की भोंगा सापडला नाही तर बोभाटा करू नका, त्याच्या जागी मौनीला बसवा. रविवारी सकाळी मशीन चालू झालं, पिन नव्हती, ओरड झाली, ती गिळली गेली आणि मौनी बसला. दुपारी कपाट तापलं, ‘भोंगा, वाज’ म्हणून हाक गेली. मौनी वाजला नाही आणि ‘ठीक’ म्हणाला, आणि त्या ‘ठीक’वर ठिपकाही क्षणात परत हिरवा झाला. बटण कुणी दाबलं नाही, कारण दाबायला काही वाजतच नव्हतं.

साहेब म्हणाले की हा एक दुर्दैवी तांत्रिक बिघाड आहे आणि आपण सगळे मिळून त्यातून शिकू. बाईंनी त्यांना सांगितलं की बिघाड रविवारी होता. सोमवारी सकाळी हॉस्पिटलात पाऊल टाकल्याबरोबर तुमच्या मेहुण्याला कळलं होतं की काय झालंय. नाहीतर त्यानं बाकीच्या सगळ्या हॉस्पिटलांतला मौनी त्याच दिवशी काढला नसता. एकूण एक गिऱ्हाईक सांभाळलंत आणि हा एक माणूस तेवढा फासावर जाऊ दिलात. याला बिघाड म्हणत नाहीत. याला जे म्हणतात ते मी अहवालात लिहीन, आणि सभ्य शब्द शोधत बसणार नाही.

महर्षी पांढरेफटक पडले होते, पण तत्त्व सुटत नव्हतं. प्रोग्रॅम कुठल्याही परिस्थितीत चालू राहिला पाहिजे, असं काहीतरी ते पुटपुटले. बाई म्हणाल्या की मढंसुद्धा तक्रार करत नाही, म्हणून कुणी त्याला धडधाकट म्हणत नाही.

मोठे डॉक्टर उठले आणि भाऊंपाशी गेले. चूक झाली, म्हणाले, कोठाराचं विसरा, उद्यापासून तुमच्या जागी या. मेहुण्यानं तर लगेच डोळे पुसले आणि आपण पहिल्यापासून हेच म्हणत होतो असं जाहीर केलं. बाईंनी कागद आवरायला घेतले. आपलं काम चोख झालं होतं आणि त्यांना ते कबूल करायला लाज वाटत नव्हती.

भाऊ मात्र उठले नाहीत. “म्हणजे मी जागा होतो,” ते म्हणाले.

“पूर्ण जागे होता,” बाई म्हणाल्या. “आता कुणाच्या बापाला तुम्हाला झोपला म्हणता येणार नाही.”

भाऊंनी मान हलवली. पण त्यांच्या चेहऱ्यावर बाईंना अपेक्षित होतं तसं काही आलं नाही. ते हळूहळू बोलायला लागले, आणि कुणाशी बोलताहेत ते कळेना.

“झोपलो होतो असं वाटायचं तेव्हा एक होतं, की आपल्याला कळलंच नाही. पण मी तर जागा होतो. दुपारभर आईची आठवण येत होती. कपाट पाठीशीच होतं, हात लांब केला असता तर दाराला लागला असता. दोन-तीनदा उठलो मी. म्हटलं, उघडून एकदा तिच्या बाटल्या बघाव्यात. मग म्हटलं, नको. उगाच दार उघडलं तर गार हवा जाईल, तिच्या डोळ्यांना बाधेल. ठिपका हिरवा होता, म्हणून परत बसलो.”

महर्षींना वाटलं की आता आपण धीर द्यायला हवा, आणि ते म्हणाले, “तुमचं बरोबरच होतं. विनाकारण दार उघडायचं नाही, असाच नियम आहे.”

बाई त्यांच्याकडे वळल्या. सगळी खोली वाट बघत होती, कारण या बाईंच्या जिभेची धार आता सगळ्यांना माहीत झाली होती. पण त्यांनी नुसतं दाराकडे बोट दाखवलं, आणि महर्षी बाहेर जाईपर्यंत ते तसंच धरून ठेवलं.